बँक बंद करा, मग मी बसतो

नाटकात पडदा पडला की खेळ संपतो. माझ्या धंद्यात पडदा पडला की खेळ सुरू होतो. आमचा पडदा निळा असतो. कॉम्प्युटर चालता चालता सगळं गायब होतं, निळ्या रंगावर पांढऱ्या इंग्रजी ओळी उमटतात, आणि समोर बसलेला माणूस दोन्ही हात वर करून मागे सरकतो, जणू कुणी बंदूक रोखली आहे. हे हात वर करणं मी बावीस वर्षं पाहतो आहे. प्राध्यापक असो की ट्रकवाला, तोंडातून पहिलं वाक्य एकच निघतं: "मी काहीच नाही केलं."

बुऱ्हाणपुरात शनवारा दरवाज्याजवळ माझं दुरुस्तीचं दुकान आहे. मशीन बंद असतं तोवर लोक मला डॉक्टर म्हणतात, सुरू झालं की अरुणभाऊ म्हणतात, आणि बिल दाखवलं की 'तो कॉम्प्युटरवाला' म्हणतात. तिन्ही नावांना मी ओ देतो.

लोक घरबसल्या बँकेचे व्यवहार करायला लागले आणि माझ्या धंद्याला एक नवं अंग फुटलं. काही बँका आपल्या ग्राहकांना राखण करणारं एक सॉफ्टवेअर देतात. तुम्ही बँकेचं पान उघडलं की ते जागं होतं. कीबोर्डवरून निघालेलं प्रत्येक अक्षर ते आधी आपल्या ओंजळीत घेतं, झाकून नेतं आणि बँकेच्या पानावर नेऊन सोडतं. वाटेत एखादा चोर प्रोग्राम दबा धरून बसला असेल तर त्याला तुमचा पासवर्ड दिसू नये, हा हेतू. हेतू फार चांगला. अडचण एवढीच की हा राखणदार यंत्राच्या अगदी तळघरात उभा असतो. वरच्या मजल्यावर दोन प्रोग्राम भांडले तर एखादी खिडकी बंद पडते. तळघरात भांडण झालं तर इमारतच बसते.

याचा पहिला धडा मला असीरगढच्या एका निवृत्त मास्तरांनी दिला. मास्तरांची तीन बँकांत खाती. तिन्ही बँकांनी आपापला राखणदार देऊ केला, मास्तरांनी तिन्ही ठेवून घेतले. वर दोन अँटिव्हायरस. सकाळी मशीनचं बटण दाबून मास्तर अंगणातल्या झाडांना पाणी घालायला जात, पाणी घालून आंघोळ करत, आणि देवपूजा आटोपून येत तेव्हा कुठे पडद्यावर चित्र उमटलेलं असे. मग बँकेचं पान उघडायचं, आणि निळा पडदा.

मी त्यांना समजावलं, "सर, एका दाराला पाच चौकीदार ठेवलेत. प्रत्येक जण म्हणतो, येणाऱ्याला आधी मी तपासणार. येणारा बिचारा उंबऱ्यावरच बेशुद्ध पडतो."

"पण त्यांनी प्रेमानं दिलं होतं," मास्तर म्हणाले. "नाही कसं म्हणायचं?"

पाचांतले चार चौकीदार काढावे लागले. कोणते काढायचे हे मास्तर सांगेनात. आपल्याच्यानं ते पाहवणार नाही म्हणून ते अंगणात जाऊन उभे राहिले आणि सगळं आटोपल्यावर मी हाक मारली तेव्हाच आत आले. त्यांनी मला चहा दिला, पण अगदी दुखवट्याच्या घरी देतात तसा.

या प्रकरणानंतर मी स्वतःला बँकेच्या राखणदारांचा मोठा जाणकार समजायला लागलो. माणसानं स्वतःला असं समजू नये. समजलं की विमलताई भेटतात.

विमलताईंची गोष्ट सांगण्याआधी माझा एक नियम सांगायला हवा, कारण त्यावर मला फार गर्व होता. कुणाच्याही मशीनवर हात ठेवण्याआधी मी म्हणतो, "बँक बंद करा, मग मी बसतो." दुसऱ्याच्या बँकेचं पान उघडं असताना मी खुर्चीला हात लावत नाही. आमच्या धंद्यात लोक आपलं घर उघडं टाकतात: फोटो, चिठ्ठ्या, सगळंच. विश्वास हेच आमचं खरं अवजार. या नियमामुळे गावात माझं नाव झालं. आणि याच नियमानं एका बाईंची खुर्ची जायची वेळ आणली.

मंडीच्या रस्त्यावर केळीच्या आडतीची एक पेढी आहे. शेतकऱ्याची केळी व्यापाऱ्याला विकून द्यायची, हे तिचं काम. मालक म्हातारे. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून घरीच असतात. कारभार पाहतो त्यांचा पुतण्या पंकज, वय तिशीच्या आत, कानात सदा फोनवर बोलायचं ते यंत्र खोचलेलं. आणि कॉम्प्युटरच्या टेबलाशी विमलताई. वय छप्पन, बारीक बांधा, चष्मा दोरीनं गळ्यात. टाइपरायटरच्या काळापासून त्या तिथे आहेत. टेबलावर टाइपरायटर होता तेव्हा जी लाकडी खुर्ची होती तीच आजही आहे, वर घडी घातलेली चादर.

त्यांच्या कामाची एक रीत होती, ती मी दुसऱ्या कुठल्या पेढीवर पाहिली नाही. गाडीचं वजन झालं की शेतकरी आत येऊन समोर बसायचा. ताई एकीकडे बँकेचं पान उघडं ठेवायच्या आणि दुसरीकडे पावती टाइप करायच्या. मराठीत. शेतकऱ्याचं नाव, बापाचं नाव, गाव, वजन, भाव. मग पावती त्याच्याकडे फिरवून मोठ्यानं वाचायच्या: "नामदेव काशीराम पाटील, निंबोला. बरोबर?" तो "बरोबर" म्हणाला की मगच बँकेच्या पानावरचं बटण दाबायचं. त्याच्या डोळ्यांदेखत पैसे रवाना. मी एकदा विचारलं होतं, इंग्रजीत का नाही टाकत, लवकर होईल. म्हणाल्या, "त्याचं नाव त्याला वाचता आलं पाहिजे, भाऊ. नाहीतर तो 'बरोबर' कशाला म्हणून राहिला?"

तर या पेढीचं मशीन बंद पडायला लागलं. निळा पडदा. आठवड्यातून दोनदा, मग रोज, मग दिवसातून तीनदा. बाहेर गाड्या उभ्या, उन्हात केळी काळी पडायला आलेली, आत शेतकरी घड्याळ बघतोय.

मी गेलो. "बँक बंद करा, मग मी बसतो." ताईंनी बँक बंद केली, मी बसलो. तासभर मशीन पळवलं. लोण्यासारखं चाललं. मेमरी बदलली, वीजपुरवठ्याचा डबा बदलला, पंख्यातली ओंजळभर धूळ काढली. निळ्या पडद्यावर जी इंग्रजी ओळ येते तिच्यात दोषी कोण याचा इशारा असतो. इथे इशारा कीबोर्डाकडे होता. मी जाणकार. मी कीबोर्ड बदलला. पुन्हा तीच ओळ आली, म्हणून तोही बदलला. तिसरा बदलला तेव्हा ताई इतकंच म्हणाल्या की पहिल्याची अक्षरं पुसली होती तरी बोटांना माहीत होती. आत अँटिव्हायरस एकच, बँकेचा राखणदार एकच. दुसरा चौकीदार मी कोपऱ्या-कोपऱ्यात शोधला, सापडला नाही.

पंकजनं मात्र निदान केलं होतं. "अंकल, मैं बैठता हूँ तो मशीन मक्खन. काकू बसल्या की धडाम. तुम्ही बसता तेव्हाबी मक्खन. आता तुम्हीच सांगा, खराबी कशात आहे?"

हे खरं होतं. तो बसायचा तेव्हा कधीच काही होत नसे. पुरावा सगळा ताईंच्या विरोधात. तिथे दोन-तीन ड्रायव्हर चहा पीत उभे होते. आणि मी, वाचकहो, गणपतीच्या नाटकांत काम करणारा माणूस; प्रेक्षक दिसले की मला राहवत नाही. मी खांदे उडवले आणि म्हणालो, "मशीन ठणठणीत आहे. ताईंचा हात जरा जड पडतो."

ड्रायव्हर हसले. पंकज हसला. ताई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि बाहेर उभ्या शेतकऱ्याला आत बोलावलं.

मी ती गोष्ट विसरलोही. पंकज विसरला नाही. त्याला माझं वाक्य म्हणजे डॉक्टरचं सर्टिफिकेट वाटलं. आठवड्याभरात त्यानं एका नव्या ऑपरेटरशी बोलणं पक्कं केलं, सोमवारपासून ये म्हणून सांगितलं, आणि त्याच्यासाठी एक काळी फिरती खुर्चीही आणून ठेवली. प्लॅस्टिक न काढता. ताईंच्या टेबलासमोरच.

शुक्रवारी दुपारी विमलताई माझ्या दुकानात आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी स्टूल पुढे केलं, त्या बसल्या नाहीत.

"भाऊ, काम गेलं तर गेलं," त्या म्हणाल्या. "पण 'हिच्या हातानं मशीन मरते' हे नावावर घेऊन मी त्या पेढीतून नाही निघणार. ते तुमच्या तोंडून निघालं आहे. तुमच्याच तोंडानं परत जाईल."

आणि त्यांनी पिशवीतून कॅलेंडरची फाडलेली पानं काढली. पाठकोऱ्या बाजूवर बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं. मशीन कितीदा बंद पडलं, किती वाजता, पंखा सुरू होता की बंद, आधी कोण बसलं होतं, पडद्यावर काय काय उघडं होतं, शेवटचं कोणतं बटण दाबलं. असे एकोणीस प्रसंग. मी बावीस वर्षांत असा तपास कुणाचा पाहिला नव्हता, माझाही नाही.

एका ठिकाणी लिहिलं होतं, 'बांगड्या नाहीत.' मी विचारलं, हे काय?

ते पंकजचं दुसरं निदान होतं. काकूंच्या बांगड्या कीबोर्डाला लागतात, त्यानं करंट होतो, असं तो म्हणाला होता. ताईंनी ते हसण्यावारी नेलं नाही. दोन दिवस बांगड्या काढून कामाला बसल्या. सवाष्ण बाई मोकळ्या हातांनी घरातून निघाली म्हणून सासूनं धरलं, शेजारणींनी विचारलं. "तरी दोन दिवसांत पाच वेळा बंद पडलं," ताई म्हणाल्या. "म्हणजे बांगड्या नाही. चढवल्या परत."

मी ती ओळ पुन्हा वाचली. एका वाक्यानं मी केवढा उपद्व्याप करून ठेवला होता ते तेव्हा कळायला लागलं.

"मग काय उरलं?" मी विचारलं.

"पंकज आधी सगळ्या पावत्या करतो, इंग्रजीत. मग बँक उघडून सगळे पैसे एकदम पाठवतो. मी दोन्ही संगंच ठेवते. आणि तुम्ही..." ताई थांबल्या. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. "तुम्ही आले की मी बँक बंद करते. तुम्ही सांगता म्हणून. तुम्ही गेले की उघडते. भाऊ, रोगी तुम्ही कधी पाहिलाच नाही."

माझा नियम. माझा तो देखणा नियम. मी दर वेळी रोग दाराबाहेर काढायला सांगून मग आत तपासायला बसत होतो.

शनिवारी सकाळी मी पेढीवर गेलो. पंकज होता, तेच ड्रायव्हर होते, आणि निंबोल्याचे नामदेवभाऊ पाटील वजन करून समोर बसले होते. फिरती खुर्ची प्लॅस्टिकमध्ये तशीच उभी.

"बसा," ताईंनी आपली लाकडी खुर्ची मला दिली. त्यांनी बँकेचं पान उघडलं, मी तोंड भिंतीकडे केलं, त्यांनी पासवर्ड टाकला. मग म्हणाल्या, "आज बँक उघडी राहील."

मी बसलो. ताई मागे उभ्या राहून एकेक सांगायला लागल्या. आधी पावती इंग्रजीत टाका. मी नामदेवभाऊंचं पूर्ण नाव इंग्रजीत टाकलं. काही झालं नाही.

"देख लो," पंकज म्हणाला. "मक्खन."

"पुसा ते," ताई म्हणाल्या. "आता मराठी सुरू करा. नाव लिहा."

मराठी टाइप करण्याचं जे सॉफ्टवेअर त्या मशीनवर होतं ते मी सुरू केलं. 'ना' उमटला. 'म' उमटला. 'दे' साठी बोट टेकवलं, आणि धाडकन निळा पडदा.

माझे दोन्ही हात आपोआप वर गेले. खुर्ची मागे सरकली. आणि माझ्या तोंडून, देवाशपथ, निघालं:

"मी काहीच नाही केलं."

 पहिले हसले ते नामदेवभाऊ. मग ड्रायव्हर. मग पंकजसुद्धा, नाइलाजानं. ताई हसल्या नाहीत. त्या माझ्या मागेच उभ्या होत्या, वाट बघत.

मी उठलो. नाटकात काम करणाऱ्या माणसाला पाठ केलेली वाक्यं सोपी जातात, ही जड गेली. "ताईंच्या हाताचा काही दोष नाही," मी म्हणालो. "मशीन कुणाच्याही हातानं मरतं, आत्ता माझ्या हातानं मेलं. मी त्या दिवशी जे बोललो ते चूक होतं. जे जे तेव्हा हसले त्यांनी हेही ऐकून घ्या."

दोष काय होता ते आता लख्ख दिसत होतं. मराठी टाइप करण्याचं ते सॉफ्टवेअरही कीबोर्ड आणि मशीन यांच्या मध्येच उभं राहतं. इंग्रजी बटण दाबलं की ते अक्षर पकडून त्याचं मराठी अक्षर करून पुढे देतं. बँकेचा राखणदारही तेच अक्षर पकडायला उभा. बँक उघडी आणि मराठी सुरू, म्हणजे एकाच अक्षराला दोघे झोंबणार. निळ्या पडद्यावरची ओळ कीबोर्डाकडे बोट दाखवत होती ती खरीच होती. मी मात्र बोटाच्या टोकाला जे दिसलं तेच बदलत बसलो, तीन वेळा.

दुसरा चौकीदार मला सापडला का नाही? कारण तो मीच बसवला होता. काही वर्षांपूर्वी, नवीन मशीन देताना, ताईंना जुन्या टाइपरायटरच्या पद्धतीनं टाइप करता यावं म्हणून, फुकट, भेट म्हणून. आपल्या हातानं दिलेली वस्तू चोर असेल असं मनातही येत नाही. असीरगढच्या मास्तरांना मी हसलो होतो.

मी बँकेच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. अर्धा तास गाणं ऐकवून तिथल्या माणसानं मशीन बंद करून सुरू करायला सांगितलं. मी त्याला म्हणालो, ते काम मशीन स्वतःच करतंय.

उपाय दोन होते. बँकेचा राखणदार काढून टाकायचा, कारण तो सक्तीचा नव्हता. किंवा मराठी टाइपिंगचं माझं सॉफ्टवेअर काढून, मशीनमध्ये मुळातच असलेली मराठीची सोय वापरायची. पण तिथे अक्षरांच्या जागा वेगळ्या. टाइपरायटरवर घडलेल्या बोटांना सगळं नव्यानं शिकावं लागणार. मी ताईंना म्हणालो, राखणदार काढू, सोपं पडेल.

"नाही," त्या म्हणाल्या. "लोकांच्या पैशावरचा पहारा माझ्या सोयीसाठी नाही उठवायचा. बोटांना मी सांगते."

छप्पनाव्या वर्षी त्यांनी बोटांना सांगितलं. कीबोर्डाच्या बटणांवर बिंदीएवढे कागद चिकटवले, त्यांवर अक्षरं लिहिली. पहिल्या आठवड्यात एका पावतीला दहा मिनिटं लागत. शेतकरी वाट पाहत बसत आणि, पंकजनंच मला सांगितलं, कुणी कुरकुरलं नाही. तिसऱ्या आठवड्यात कागद गळून पडले, तरी ताईंनी परत चिकटवले नाहीत. निळा पडदा त्या पेढीवर पुन्हा दिसला नाही. सोमवारी येणारा ऑपरेटर आला नाही. पंकजनं त्याला कधी फोन केला, काय सांगितलं, हे मी विचारलं नाही. काही दिवसांनी पंकज पावत्या मराठीत टाकायला शिकत होता आणि ताई मागे उभ्या राहून त्याची वेलांटी दुरुस्त करत होत्या.

एक गोष्ट मात्र सलते. 'हात जड आहे' हे वाक्य मी काही त्या दिवशी पहिल्यांदा बोललो नव्हतो. हमखास हशा मिळवणारं वाक्य होतं ते. किती ऑफिसांत बोललो असेन, किती म्हाताऱ्या कारकुनांना, किती बायांना. सगळ्यांनी काही कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं नसेल. सगळे काही माझ्या दुकानात आले नाहीत.

म्हणून आता मी मशीनपाशी गेलो की आधी उभा राहतो. जो रोज बसतो त्यालाच बसू देतो, रोजच्यासारखं काम करू देतो आणि मागून बघतो. ही रीत मी विमलताईंकडून घेतली. तुकईथडपर्यंतच्या गिऱ्हाइकांना ती मी माझीच म्हणून सांगतो. हे पाप इथे कबूल करून टाकतो.

पेढीवर अजून जातो, प्रिंटरसाठी, कधी नुसता चहासाठी. ताई लाकडी खुर्चीवरच असतात, घडी घातलेल्या चादरीवर. ती काळी फिरती खुर्ची मात्र त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवली आहे, दुसऱ्या कुणाला बसू देत नाहीत. मी दारात दिसलो की पायानं ती पुढे सरकवतात.

"बसा, भाऊ," म्हणतात. "बँक उघडीच आहे."

मग पासवर्ड टाकायची वेळ आली की मी तोंड भिंतीकडे करतो. खुर्ची फिरती असल्यामुळे ते फार सोयीचं पडतं.